मांडावरचा वन्स मोअर

मी तापट माणूस. गोव्यात आमच्या लाटंबार्शात कुणालाही विचारा, शिवदास म्हटल्यावर आधी हसतील आणि मग सांगतील, त्याच्या तोंडाला लागू नका. काजूच्या झाडांचं भाट आहे, बायको वत्सला आहे, आणि सातेरीच्या देवळासमोरच्या मांडावर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. मांड म्हणजे देवळासमोरची ती सारवलेली जागा. तिथं नाटक होवो, भजन होवो, आधी गाऱ्हाणं घालून परवानगी घ्यायची. गाऱ्हाणं घालणारा एकेका देवाला नाव घेऊन बोलावतो, येऊन बसा म्हणतो, सांभाळून घ्या म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय महाराजा' म्हणतात. कार्यक्रम संपला की ज्यानं बोलावलं त्यानंच उभं राहून सगळ्यांना निरोप द्यायचा, आता आपापल्या ठिकाणी जा म्हणून. तो दिल्याशिवाय मांड उठत नाही. हे आधीच सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच ठाऊक.

आता चंद्रावतीचं सांगतो. चंद्रावती मांद्र्याची. जत्रांच्या संगीत नाटकांत नायिका करायची. आवाज कसा होता ते मला विचारू नका, तसं विचारणाऱ्याला मी पूर्वी उठून मारायला जात असे. एवढंच सांगतो की ती पदाचा शेवटचा स्वर धरून ठेवायची. आता संपलं असं वाटायचं, आणि तेवढ्यात ती त्याला एक वळण द्यायची. त्या वळणाला आम्ही 'जागा' म्हणतो. ती जागा आली की सगळ्या मांडावरून एकच 'आहा' उठायचं. आम्ही आठ-दहा जण तिच्या मागे वेडे होतो. तिचं नाटक मोरजीला असलं तरी आम्ही इथून पायी निघायचो. वत्सला अजून म्हणते, "तुमच्या आयुष्यात मी दुसरी. पहिली मांद्र्याची."

म्हणू दे. खोटं काय आहे त्यात?

सहासष्ट साली चंद्रावती आमच्या मांडावर शेवटची गायली. अंगात ताप होता तिच्या. शाल गुंडाळून विंगेत बसली होती, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. तरी तिच्या शेवटच्या पदाला सात वन्स मोअर पडले. पहिला माझा. चोवीस वर्षांचा होतो, अक्कल गहाण ठेवलेली. ती सातही वेळा गायली. अठराव्या दिवशी मांद्र्याहून बातमी आली. डॉक्टरनं न्यूमोनिया म्हटलं. आम्हीही न्यूमोनियाच म्हणतो, बाकी कुणी काही बोलत नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. गोवा राज्य झालं. मधली दोन-तीन वर्षं भाषेवरून गावागावांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे माझी आणि बाबलीची कट्टी झाली. बाबली म्हणजे आमच्या त्या आठ-दहा वेड्यांपैकीच एक, खाणीवर स्वतःचा टिपर चालवतो. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. दोन वर्षं तो माझ्या दारावरून टिपर नेई आणि साधा हॉर्नही वाजवत नसे. गेल्या दिवाळीनंतर मात्र तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शिवदास, चंद्रावतीच्या नावान एक कार्यक्रम करूक होयो. जयवंतबाब गातले, तर."

माझा राग विरघळलाच. मी त्याला आत बोलावून बसवलं. वत्सलानं चहा आणि पाव आणून ठेवला.

जयवंतबाब तुयेचे. पंधरा वर्षं चंद्रावतीसमोर नायक केला त्यांनी. ती गेल्यावर तिचं एकही पद त्यांनी तोंडात घेतलं नव्हतं. आता चौऱ्याहत्तरीचे. आम्ही दोघं तुयेला गेलो, तेव्हा बाब जनेलापाशी बाहेर बघत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गातंय. तिचा एक पद गातंय."

त्यांची मुलगी गंगा औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. वडलांना तीच बघते. ती आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आली आणि बाबली पुढे गेल्यावर मला थांबवलं.

"शिवदासदादा, बाबांचं काळीज कमजोर झालंय. डॉक्टरनं गाऊच नका म्हटलंय. पण नाही म्हटलं तर ते तसेच झुरतील. म्हणून मी हो म्हणते. दोन पदं. एक स्वतःचं, एक तिचं. जागरण नाही, दुपारी चारला सुरू, पाचला घरी. आणि वन्स मोअर अजिबात नाही. लोक ऐकणार नाहीत. त्यांना थांबवायचं काम तुमचं."

"माझं," मी म्हटलं.

"शपथ घ्या."

"सातेरीची शपथ. कुणी वन्स मोअर म्हटलं तर त्याचं थोबाड फोडीन."

ती हसली. माझ्या तापटपणावर विश्वास ठेवून हसली बिचारी.

जानेवारीतला रविवार होता. ऊन स्वच्छ. मांडावर चटया, मागे भाड्यानं आणलेली कदेलं, म्हणजे खुर्च्या, मध्ये बाबांसाठी गादी. पाटी रंगवणाऱ्यानं सवयीनं 'गोवा, दमण आणि दीव' लिहिलं होतं, ते दमण आणि दीव बाबलीनं चुन्यानं पुसून टाकलं. दीडशे माणूस जमलं असेल. जुने सगळे आले होते. मांद्र्याहून आले, पेडण्याहून आले, सावंतवाडीकडचेही आले. खाणीवरची कोल्हापूरकडची काही मंडळीही होती. त्यातला महादेव, वर्कशॉपचा मिस्त्री, माझ्याशेजारीच बसला. त्याचं वय असेल तिशीचं. चंद्रावतीचं नावही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. "रविवार आहे, म्हटलं बघू," म्हणाला.

सुरुवातीला बाबलीनं भाषण केलं. चांगलं बोलत होता. शेवटी मात्र त्याला राहवलं नाही. म्हणाला, चंद्रावती पदं मराठी गायली तरी घरात कोंकणीच उलयताली, तेव्हा ती आमची.

आमची! तुमच्या बापाची काय? माझं डोकं फिरलं. त्यात पुढचा मान माझा, गाऱ्हाण्याचा. तसाच तापलेला मी मांडावर जाऊन उभा राहिलो.

"बा देवी सातेरी, बारा-पाचाच्या देवांनो, गावच्या राखणदारा, वेशीवरल्या देवचारा, आज ही जी काय लेकरां तुमच्या मांडार जमली आसत…"

"व्हय महाराजा."

"तेंका गोड करून घे. चुकला-माकला पोटात घाल. गाणाऱ्याच्या गळ्यात बस, वाजवणाऱ्याच्या हातात बस…"

"व्हय महाराजा."

इथं थांबायचं. माझा बाप, माझा आजा इथंच थांबायचे. मेलेल्या माणसाचं नाव गाऱ्हाण्यात घेत नाहीत. पूर्वज म्हणतात, एकाचं नाव घेऊन बोलावत नाहीत, हे मला लहानपणापासून पाठ. पण बाबलीचं ते 'आमची' कानात घुमत होतं, आणि मी बोलून गेलो.

"आणि मांद्र्याची चंद्रावती, जिच्यासाठी ह्यो मांड भरलो, तिणा स्वतः येवन हय बसाचा, स्वतः ऐकाचा, आणि आपण कोणाची ता स्वतःच सांगाचा!"

लोकांना केवढं आवडलं! दीडशे तोंडांतून आलं, "व्हय महाराजा!" बाबलीसुद्धा म्हणाला. टाळ्या पडल्या. मी जिंकल्यासारखा वळलो, तर तबल्यावर बसलेल्या दत्तारामनं हातोडी खाली ठेवली होती. दत्ताराम चंद्रावतीलाही साथ करायचा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

जयवंतबाब मात्र रागावले नाहीत. मी गादीजवळून जाताना हळूच म्हणाले, "नाव कित्याक घेतलंस रे तिचा?" आणि स्वतः गादीवर थोडे उजवीकडे सरकले. डावीकडे एका माणसाची जागा मोकळी राहिली.

पहिलं पद त्यांनी स्वतःचं घेतलं. खरं सांगू? ऐकवेना. आवाज फाटका झाला होता, दर ओळीला दम लागत होता. लोक मान खाली घालून बसले. महादेव माझ्या कानात म्हणाला, "म्हातारबांना कशाला तरास देताय?" गंगा पहिल्या रांगेत पदराचं टोक पिळत बसली होती. पद संपलं, आम्ही मोठमोठ्यानं टाळ्या वाजवल्या, दयेच्या. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग तिचं पद. आमच्याच एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेल्या नाटकातलं, नायिका निरोप घेते तेव्हाचं. 'जाते रे मी, दिवा मालवू नको.' बाबांनी डोळे मिटले, पहिला शब्द घेतला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

आवाज बाईचा झाला नव्हता. तसलं काही नाही, उगाच मनानं भर घालू नका. आवाज त्यांचाच होता, पण फाट मिटली होती. आणि तो स्वर धरून ठेवणं! ते बाबांचं नव्हे. बाब कधीच स्वर धरून ठेवत नसत, ते तोडून गायचे. लहानपणापासून दोघांना समोरासमोर ऐकलंय मी, मला नका शिकवू. स्वर लांबत गेला, लांबत गेला, आणि दीडशे माणसांतून एकच 'आहा' उठलं.

आणि मग बाबांनी जागा घेतली.

कळलं का? जागा नंतर आली. आहा आधी.

मला वाटलं जुनी माणसं आहेत, पद पाठ आहे, घाई झाली. दुसऱ्या ओळीला मी मुद्दाम महादेवकडे बघत राहिलो. त्यानं हे पद जन्मात ऐकलं नव्हतं. त्याची मान वर झाली, तोंड उघडलं, 'आहा' बाहेर पडलं, सगळ्यांच्या बरोबर, आणि त्यानंतर बाबांच्या गळ्यातून ते वळण आलं. महादेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला ते समजलंही नव्हतं. दीडशे माणसं कुणाच्या तरी इशाऱ्यावर दाद देत होती आणि गाणारा मागून येत होता.

भ्यायला हवं होतं, नाही का? पण मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. बावीस वर्षं उपाशी माणसाच्या पुढ्यात ताट आल्यासारखं झालं. मी रडलो. बाबली पलीकडून रांगत माझ्यापाशी आला आणि त्यानं माझा हात घट्ट धरला. "तीच रे," तो म्हणाला, "शिवदास, तीच." आमची दोन वर्षांची कट्टी तिथं संपली. ती कुणाची, हे आता दोघांपैकी कुणालाच विचारायचं नव्हतं.

पद संपलं. कुणीतरी मागून ओरडलं, "वन्स मोअर!"

गंगानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला, बास बास म्हणून. अगदी खरं सांगतो, हात वर केला. पण तोंडातून शब्द काढला नाही. तेवढ्यात बाबांनी पुन्हा सुरू केलं.

दुसरा वन्स मोअर मांद्र्याच्या लोकांनी दिला. तिसरा बायकांच्या बाजूनं आला. प्रत्येक वेळी पद आधीपेक्षा चढत होतं. ज्या जागा तिनं त्या शेवटच्या खेळात घेतल्या होत्या त्या येऊन गेल्या, आणि मग ज्या तिनंही कधी घेतल्या नव्हत्या त्या यायला लागल्या. बाबांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. ओठ पांढरे पडले. हात मांडीवर ठेवले होते ते हालत नव्हते. गळा तेवढा चालू होता.

चौथ्या वेळी दत्तारामनं एका हातानं ठेका चालू ठेवला आणि दुसऱ्या हातानं मला जवळ बोलावलं. मी सरकत त्याच्यापाशी गेलो.

"श्वास घेणत नाय," तो म्हणाला.

"काय?"

"साथ करणाऱ्याचा लक्ष गाणाऱ्याच्या श्वासार असता, शिवदास. चाळीस वर्षां ताच केलंय. ह्या पदात बाबांनी एकदाय श्वास घेतल्यान नाय. छाती बघ."

मी बघितलं. सदऱ्याखाली छाती दगडासारखी थांबलेली, आणि वर स्वर चालूच.

"मग ठेका बंद कर!"

"केललंय मघाशी. थांबणत नाय ते. मांड उठल्याशिवाय तेंका उठूक मिळाचा नाय." त्यानं मानेनं गादीकडे दाखवलं. "तूच बोलावलंस. तूच निरोप दी. आत्ता दी. म्हातारो मरतलो."

मी उभा राहिलो.

पदाच्या ऐन मध्यात मी उभा राहिलो तसं मांडावरचं सगळं थांबलं. लोक गप्प झाले. स्वर चालूच होता. गंगाचे हात छातीशी जोडलेले, नजर माझ्यावर. आणि जयवंतबाबांनी डोळे उघडले. इतका वेळ मिटलेले डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुणाला सांगितलेली नाही, आज सांगतो. वाड्यावरच्या विहिरीत एकदा वासरू पडलं होतं, ते वर बघायचं तसं बघत होते ते. ज्याच्या हातात दोर आहे त्याच्याकडे.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: आयलल्यांनी आपल्या ठिकाणाक जावचा. चार शब्द. माझ्या बापानं हजारदा म्हटलेले.

तोंड उघडलं. तेवढ्यात तो स्वर वर चढायला लागला. हळूहळू, एकेक पायरी, कुणीही कधी गेलं नसेल तिथं. मला कळलं की आता जी जागा येणार ती आजवर कुणी ऐकलेली नाही आणि पुन्हा कुणी ऐकणार नाही. मी मनात म्हटलं, एवढी एक होऊ दे. एवढी एक जागा, मग लगेच म्हणतो. चार शब्दांना काय वेळ लागतो? आणि नीट ऐकू यावं म्हणून मी डोळे मिटून घेतले.

आली. कशी आली ते सांगता येत नाही. मला सांगता आलं असतं तर मी आज तुमच्याशी असा बोलत बसलो नसतो.

ती संपल्यावर डोळे उघडायचे होते. मी उघडले नाहीत. आणि माझ्याच तोंडातून, निरोपासाठी उघडलेल्या तोंडातून, माझ्याच आवाजात निघालं, "वन्स मोअर."

सगळा मांड खवळला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" बाबली ओरडत होता, महादेव ओरडत होता, मांद्र्याची माणसं उभी राहून ओरडत होती. पद पुन्हा सुरू झालं. 'जाते रे मी,' एवढंच झालं. 'दिवा'च्या आधी ते थांबलं.

मी डोळे उघडले. बाब ताठ बसलेले होते. ओठ मिटलेले. दत्तारामनं तबल्यावरून हात उचलले. मांडावर सुई पडली तरी ऐकू आली असती, आणि त्या शांततेत दीडशे माणसांनी एकदम म्हटलं, "आहा!"

न गायलेल्या जागेला. मीसुद्धा म्हटलं. म्हणायचं नव्हतं, म्हटलं गेलं. मग गंगा किंचाळली आणि धावली.

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

डॉक्टरनं काळीज बंद पडल्याचं लिहून दिलं. लोकांना धक्का बसला, पण दोन दिवसांत त्याचं कौतुक झालं. असं मरण भाग्यवंतालाच येतं, गाता गाता गेले, तिच्याच पदात गेले, रसिकांच्या टाळ्यांत गेले. पेडण्याच्या बाजारात हेच, म्हापशाच्या गाडीत हेच. जे आले नव्हते ते हळहळत होते. जे आले होते ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. महादेव तर तीनदा माझ्या दारात येऊन गेला. "त्यांची कॅसेट मिळंल का हो कुठं? झोप येत न्हाई बघा मला." मिळत नाही म्हटलं तर बराच वेळ तसाच अंगणात उभा राहिला. बाबली कुणालाच काही सांगत नव्हता. आता टिपर माझ्या दारावरून नेताना तो हॉर्न वाजवतो. मी बाहेर येत नाही.

दत्ताराम तिसऱ्या दिवशीच आला. आत बसला नाही.

"निरोप दिलंस?"

"देतो."

"शिवदास, मांड अजून उठलो नाय. माका कळता. दुपारी चार वाजता थयसून पुढे जावक जायना."

"देतो म्हटलं ना रे! कितीदा सांगायचं?"

ओरडलो मी त्याच्यावर. तो वळून चालू लागला. त्या दुपारी मी मांडावर गेलो, खोटं नाही बोलत, गेलो. ऊन होतं, चटया काढून नेलेल्या, एक कुत्रं झोपलेलं. मी उभा राहिलो, सातेरीचं नाव घेतलं, राखणदाराचं घेतलं, देवचाराचं घेतलं, त्यांना निरोप दिला. तिचं नाव आलं आणि पुढचं म्हणवेना. जा म्हणवेना. जा म्हटलं तर ती जाईल, आणि मग? मी घरी परतलो. वत्सलानं विचारलं, दिलात का. मी दिला म्हटलं. लग्नाच्या बायकोशी मी पहिल्यांदा खोटं बोललो ते तेव्हा.

तेराव्याला तुयेला गेलो. जाणं भाग होतं. गंगाचा चेहरा सुकून एवढासा झाला होता. पंगत उठेपर्यंत ती कामातच होती. मग माझ्यापाशी येऊन बसली, जनेलाखाली, जिथं बाब बसत. मला वाटलं आता विचारणार, शपथेचं काय झालं. तिनं थोबाडीत मारली असती तरी मी गाल पुढे केला असता. खरं तर त्याचसाठी गेलो होतो.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही मध्येच उभे राहिला होतात. सगळे बसलेले, तुम्ही एकटे उभे. मला वाटलं, थांबवणार. काय म्हणणार होतात?"

सांगायचं होतं. देवाशपथ, जिभेवर आलं होतं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. खोटं माझ्या तोंडून सहज निघालं, एखाद्या शिकलेल्या पदासारखं.

"दाद द्यायला उठलो होतो, गंगा. बसून देववेना."

तिचे डोळे भरून आले. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मला तसंच वाटलं. मी पुढून बघत होते ना, शेवटी त्यांनी डोळे उघडले ते तुमच्याकडेच बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. तुम्ही डोळे मिटून, इतके तल्लीन होऊन ऐकत होतात." तिनं माझे हात कपाळाला लावले. "जाताना त्यांना तुमच्यासारखा ऐकणारा दिसला, दादा. एवढं एक बरं झालं."